तेरा खोकी आणि एक कॅसेट : मेटालिका, नॅप्स्टर आणि चाहत्यांचा खटला

३ मे २०००. कॅलिफोर्नियातील सॅन माटेओ या शहरातल्या एका कार्यालयासमोर मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून मेटालिका या रॉक बँडचा ड्रमवादक लार्स उलरिक आपल्या वकिलासह उतरला. सोबत तेरा खोकी होती. खोक्यांत सुमारे ६० हजार पाने होती आणि पानांवर ३,३५,४३५ नावे. ही सारी माणसे मेटालिकाची चाहती होती, निदान तिची गाणी ऐकणारी तरी होती. एका शनिवार-रविवारच्या अवधीत त्यांनी बँडची गाणी आपापल्या संगणकावरून इतरांना फुकट खुली केली, असा बँडचा आरोप होता. या सर्वांना काढून टाका, एवढीच मागणी होती.

कार्यालय नॅप्स्टर या कंपनीचे. बाहेर पत्रकार, कॅमेरे आणि घोषणा देणारे तरुण. ज्यांनी आयुष्यातले पहिले पैसे साठवून या बँडचे अल्बम विकत घेतले होते, तेच आता त्याच्या नावाने शंख करीत होते. रॉक संगीताच्या इतिहासात कलावंत आणि रसिक इतक्या उघडपणे समोरासमोर क्वचितच उभे ठाकले असतील. हे दृश्य समजून घ्यायचे, तर आधी १८ वर्षे मागे जाऊन एका कॅसेटची हकीकत सांगावी लागते.

लार्स उलरिक मूळचा डेन्मार्कचा. वडील टॉर्बेन उलरिक नामवंत टेनिसपटू. मुलानेही टेनिसच खेळावे, या विचाराने कुटुंब १९८० मध्ये लॉस एंजेलिसला आले. परंतु मुलाच्या डोक्यात रॅकेट नव्हती, तबकड्या होत्या. त्या काळी ब्रिटनमध्ये हेवी मेटल संगीताची एक नवी लाट उसळली होती आणि त्या बँडच्या तबकड्या अमेरिकेतल्या साध्या दुकानांत मिळत नसत. लार्स त्या परदेशातून मागवी. १९८१ मध्ये तर डायमंड हेड या बँडचे वेड इतके, की तो इंग्लंडला जाऊन त्यांच्या मागे मागे हिंडला. त्याच वर्षी त्याने लॉस एंजेलिसच्या एका जाहिरातपत्रात ‘सोबत वाजवणारे हवेत’ अशी जाहिरात दिली. तिच्यातूनच पुढे जेम्स हेटफील्डशी त्याची जोडी जमली आणि मेटालिका उभी राहिली.

जुलै १९८२ मध्ये या पोरांनी सात गाणी एका कॅसेटवर नोंदवली. ‘नो लाइफ टिल लेदर’ हे तिचे नाव. ती कोणत्याही कंपनीने काढली नव्हती, कोणत्याही दुकानात नव्हती. तिचा प्रसार ज्या मार्गाने झाला, त्याला त्या वर्तुळात ‘टेप ट्रेडिंग’ म्हणत. एकाने आपल्याकडची दुर्मीळ कॅसेट नकलून टपालाने दुसऱ्याला पाठवायची, त्याने बदल्यात आपल्याकडची पाठवायची, आणि मिळालेली पुन्हा नकलून तिसऱ्याकडे. पैशांचा व्यवहार नाही. ओळख नसली तरी चालते. आवड जुळली पाहिजे. अशा हातांतून हातांत जात ती कॅसेट अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीतल्या जुन्या बाजारात तबकड्यांचे दुकान चालवणाऱ्या जॉन झझुला या गृहस्थाच्या कानी पडली. त्याने त्या अनोळखी मुलांना पूर्वेकडे बोलावून घेतले. कोणतीही कंपनी त्यांना दारात उभी करीना, तेव्हा त्याने मेगाफोर्स रेकॉर्ड्स ही स्वतःचीच कंपनी काढली आणि जुलै १९८३ मध्ये ‘किल एम ऑल’ हा त्यांचा पहिला अल्बम बाजारात आणला. पुढचे ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) आणि काळ्या मुखपृष्ठाचा ‘मेटालिका’ (१९९१) हे अल्बम लाखो-कोटींच्या घरात खपले. तेवढ्यावर हा बँड थांबला नाही. मैफलीत येणाऱ्या रसिकांना ध्वनिमुद्रण करता यावे म्हणून त्याने वेगळी जागाही राखून ठेवली. ही प्रथा ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ पासून रीतसर सुरू केली होती.

थोडक्यात, नकलांच्या पोटी जन्मलेल्या बँडनेच पुढे नकलांविरुद्ध दावा लावला. चाहत्यांचा संताप होता तो नेमका याच विसंगतीवर, आणि तो वरवरचा नव्हता.

परंतु कॅसेटच्या नकलेला एक नैसर्गिक लगाम होता. पन्नास मिनिटांचा अल्बम नकलायला पन्नास मिनिटे लागत. प्रत्येक पिढीत घरघर वाढे, तारस्वर बोथट होत. चौथ्या-पाचव्या नकलेत झांजा आणि पाऊस यांतला फरक कळेनासा होई. म्हणून ऐकणाऱ्याला शेवटी मूळ अल्बमची ओढ लागे. तरीही कंपन्या तेव्हाही घाबरल्या होत्या. ब्रिटनमधील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने १९८१ मध्ये घरगुती कॅसेट-नकलांविरुद्ध मोठी प्रचारमोहीम काढली. कॅसेटखाली दोन हाडे फुलीसारखी ठेवून तिला चाचेगिरीच्या निशाणाची कवटी बनवणारे तिचे चित्र प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी डेड केनेडीज या अमेरिकन पंक बँडने आपल्या एका कॅसेटची दुसरी बाजू मुद्दाम कोरी सोडली आणि ती नकलांसाठी वापरण्याचे आमंत्रण त्या कॅसेटवरच छापले. संगीत व्यवसाय काही त्या कोऱ्या बाजूने बुडाला नाही.

हा लगाम तुटला जर्मनीत, एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन वाहिन्यांत साठवलेले असतात. म्हणजे मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट. तेव्हाच्या ५६ केच्या मोडेमवर चार मिनिटांचे गाणे उतरवायला दीड तासाहून अधिक वेळ गेला असता. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाच्या मर्यादेचाच फायदा घेतला. मोठ्या आवाजाच्या सावलीत झाकला जाणारा बारीक आवाज मेंदूपर्यंत पोचतच नसेल, तर तो साठवायचा कशाला? असे न ऐकू येणारे वगळत गेल्यावर गाणे अकराव्या हिश्श्यावर आले. चाचणीसाठी त्यांनी सुझान व्हेगाचे ‘टॉम्स डायनर’ वारंवार वापरले. कारण साथीविना गायलेल्या त्या एकट्या आवाजात जराशीही खोट लगेच उघडी पडे. १९९५ मध्ये या स्वरूपाला एमपी३ हे नाव चिकटले. आता तेच गाणे साध्या मोडेमवर दहाएक मिनिटांत उतरू लागले, विद्यापीठांच्या वेगवान जाळ्यावर तर काही क्षणांत. आणि हजारावी नक्कल पहिलीइतकीच स्वच्छ.

उरला प्रश्न शोधण्याचा. कोणाच्या संगणकावर कोणते गाणे आहे, हे कळणार कसे? बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील शॉन फॅनिंग या पोरसवदा विद्यार्थ्याने ते कोडे सोडवले. जून १९९९ मध्ये त्याचा नॅप्स्टर हा प्रोग्रॅम बाहेर पडला. शॉन पार्कर हा त्याचा साथीदार. नॅप्स्टरची खुबी अशी, की कंपनीच्या सर्व्हरवर एकही गाणे नव्हते. तिथे होती फक्त सूची. गाणे एका चाहत्याच्या संगणकातून थेट दुसऱ्याच्या संगणकात जाई. जुन्या टेप ट्रेडिंगमधला टपालखर्च, वाट पाहणे आणि घरघर काढून टाका. जे उरते ते नॅप्स्टर. एखाद्याच्या संग्रहात डोकावून त्याच्याकडचे बाकीचे अल्बमही पाहता येत, त्याच्याशी गप्पाही मारता येत. दुकानातून कधीच नाहीशी झालेली मैफलींची ध्वनिमुद्रणे, छपाई थांबलेल्या तबकड्या, एखाद्या बँडने विसरून टाकलेली गाणी तिथे सापडत. त्या आठवणी काढताना आजही अनेक रसिक हळवे होतात, आणि त्यात फुकटेपणाचा वाटा जितका, तितकाच शोधाच्या आनंदाचाही आहे. फेब्रुवारी २००१ पर्यंत वापरकर्त्यांचा आकडा अडीच कोटींच्या वर गेला.

मेटालिकाच्या कानावर हे प्रकरण एका अर्धवट गाण्यामुळे आले. ‘मिशन इम्पॉसिबल २’ या चित्रपटासाठी बँडचे ‘आय डिसअपिअर’ हे गाणे चालू होते. त्याचा कच्चा खर्डा, बँडने अजून बाहेर सोडलेला नसताना, अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवर वाजू लागला. माग काढता काढता धागा नॅप्स्टरपाशी पोचला. तिथे हे गाणेच काय, बँडचा सगळा संग्रह हजर होता. १३ एप्रिल २००० रोजी बँडने दावा दाखल केला. त्यात नॅप्स्टरबरोबर येल, इंडियाना आणि सदर्न कॅलिफोर्निया ही तीन विद्यापीठेही प्रतिवादी होती. आरोपांत कॉपीराइटच्या भंगासोबत संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचे कलमही होते, जे मुळात माफियांसाठी केलेले. भरपाई किमान एक कोटी डॉलर. विद्यापीठांनी आपल्या जाळ्यावर नॅप्स्टर बंद करून सुटका करून घेतली. पाठोपाठ डॉक्टर ड्रे या रॅप संगीतकारानेही दावा लावला.

उलरिकचे म्हणणे पैशांपुरते नव्हते, ही गोष्ट त्या गदारोळात हरवली. अपुरे गाणे केव्हा पुरे झाले आणि ते कोणाच्या हाती कसे जावे, हे ठरवणे हा आपला अधिकार आहे, असा त्याचा मुद्दा होता. मैफलीत ध्वनिमुद्रण करू देणे हा बँडने दिलेला परवाना होता. नॅप्स्टरने विचारलेही नव्हते. हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. चुकली ती रीत. कोट्यधीश ड्रमवादक खोकी घेऊन पोरांची नावे कळवायला येतो, हे चित्र एकदा उमटल्यावर त्याच्या तोंडचा शहाणपणाही कोणाला ऐकू येईना. इंटरनेटवर त्याची टर उडवणारी व्यंगचित्रपटांची मालिकाच फिरू लागली. नॅप्स्टरला अशा प्रसिद्धीसाठी एक पैसाही खर्चावा लागला नाही.

खोक्यांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार तक्रार आल्यावर कंपनीने संबंधितांचा प्रवेश रोखला, तर तिला काही संरक्षण मिळते. नॅप्स्टरने तीन लाखांहून अधिक खाती बंद केली. मात्र त्याच कायद्यात आरोपिताला प्रतिजबाब देण्याची सोय आहे : माझी ओळख चुकीची ठरवली गेली, असे शपथेवर कळवायचे, मग तक्रारदाराने ठरावीक मुदतीत दावा लावला नाही, तर खाते पुन्हा खुले. सुमारे ३० हजार जणांनी असे कळवले. मेटालिकाने त्यांपैकी कोणावरही दावा लावला नाही. आपल्याच चाहत्यांना एकेक करून न्यायालयात खेचायची वेळ आली, तेव्हा बँडचे पाऊल अडखळले. जे बँडला जमले नाही, ते कंपन्यांनी तीन वर्षांनी करून दाखवले. त्याकडे पुढे येऊच.

त्याच मे महिन्यात आणखी एक आवाज उठला. होल या रॉक बँडची गायिका कोर्टनी लव्ह हिने एका परिषदेत भाषण केले आणि संगीत व्यवसायातील खरी चाचेगिरी कोणती, याचा हिशेबच मांडला. चौघांच्या बँडला दहा लाख डॉलर आगाऊ मिळाले असे धरा. त्यातले पाच लाख ध्वनिमुद्रणावर गेले. एक लाख व्यवस्थापकाला, पन्नास हजार वकील आणि हिशेबनिसाला. कर वजा जाता प्रत्येकाच्या हाती पडतात ४५ हजार डॉलर, आणि त्यावर वर्ष काढायचे. अल्बमच्या दहा लाख प्रती खपल्या, तरी बँडची रॉयल्टी चित्रफिती, प्रसिद्धी आणि दौऱ्यांच्या खर्चात वळती होते आणि शिल्लक राहते शून्य. कंपनीचा नफा मात्र, तिच्या हिशेबाप्रमाणे, ६६ लाख डॉलर. आकडे उदाहरणादाखल होते. तरी व्यवसायातल्या कोणाला ते अनोळखी वाटले नाहीत.

तिने त्या भाषणात ज्या आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले, ती आजही फारशा लोकांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात एक कनवाळू तरतूद आहे : कलावंताने हक्क विकून टाकले असले, तरी ३५ वर्षांनी ते परत मागता येतात. अपवाद फक्त नोकरीत वा कंत्राटावर ‘करवून घेतलेल्या’ कामाचा. नोव्हेंबर १९९९ मध्ये उपग्रह दूरचित्रवाणीविषयीच्या एका विधेयकात संसदेच्या एका कर्मचाऱ्याने चार शब्द घुसडले आणि ध्वनिमुद्रणे या अपवादात जाऊन बसली. म्हणजे अल्बम कंपनीचा झाला तो कायमचा. काही महिन्यांत तो कर्मचारी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेत मोठ्या पदावर रुजू झाला. कलावंतांनी आरडाओरड केल्यावर ऑक्टोबर २००० मध्ये ती दुरुस्ती रद्द करावी लागली. नॅप्स्टरविरुद्ध कलावंतांच्या कैवाराची भाषा करणाऱ्या संघटनेचे त्याच वर्षातले हे दुसरे रूप. मेटालिकाचे वेगळेपण इथेच दिसते. १९९४ मध्ये या बँडने इलेक्ट्रा या आपल्याच कंपनीशी न्यायालयात भांडण करून आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांवर हक्क मिळवला होता. बहुतेक बँडच्या हाती राखण्यासारखे काही नव्हतेच. याच्या हाती होते.

कंपन्यांचा खटला मात्र डिसेंबर १९९९ पासूनच चालू होता. नॅप्स्टरची मदार १९८४ च्या निकालावर होती. घरी बसून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम टेप करणाऱ्या बीटामॅक्स यंत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी म्हटले होते, की ज्या यंत्राचे भरीव कायदेशीर उपयोग आहेत, त्याच्या विक्रेत्याला ग्राहकाच्या गुन्ह्यासाठी धरता येणार नाही. शिवाय १९९२ चा एक कायदा घरगुती, बिनव्यापारी ध्वनिमुद्रणाला अभय देत होता. न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांना हे पटले नाही. २६ जुलै २००० रोजी त्यांनी मनाई हुकूम दिला. दोनच दिवसांनी, अंमल सुरू होण्याच्या काही तास आधी, अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मधल्या अवधीत चाहत्यांनी जी लूट केली, तिला दुष्काळ जाहीर झालेल्या गावातल्या किराणा दुकानाचीच उपमा शोभेल.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी अपील न्यायालयाचा निकाल आला. यंत्र विकून मोकळा होणारा विक्रेता निराळा आणि रोज सूची चालवणारा, काय चालले आहे हे जाणणारा, थांबवू शकत असूनही न थांबवणारा निराळा, असा त्याचा मथितार्थ. विकत घेण्याआधी चाखून पाहणे वा स्वतःच्याच सीडीची गाणी दुसरीकडे नेणे, हे बचाव अनोळखी लाखोंच्या देवघेवीला लागू पडत नाहीत. ज्या सूचीने फॅनिंगचे कोडे सुटले, तीच सूची त्याच्या गळ्याचा फास ठरली.

नंतरचे काही महिने मजेचे गेले. नॅप्स्टरला गाण्यांच्या नावांवरून चाळणी लावायचा आदेश झाला आणि चाहत्यांनी नावेच बिघडवायला सुरुवात केली. अक्षरे उलटी, मागेपुढे, मध्येच आकडे. शाळकरी पोरांच्या चकारीच्या भाषेसारखी गाण्यांची एक गुप्त भाषाच तयार झाली. जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली. त्याच महिन्यात मेटालिकाशी तडजोड झाली. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली.

आता त्याच काळातल्या एका अल्बमकडे वळायला हवे; कारण नॅप्स्टरच्या बाजूने बोलणारे आजही त्याचेच नाव घेतात. इंग्लंडच्या रेडिओहेड या बँडचा ‘किड ए’ ऑक्टोबर २००० मध्ये यायचा होता. आधीच्या ‘ओके कॉम्प्युटर’ची ख्याती जगभर झाली असली, तरी अमेरिकेच्या तक्त्यावर तो २१ व्या क्रमांकाच्या पुढे गेला नव्हता. नवा अल्बम त्याहून अवघड. गिटार जवळजवळ हद्दपार, रेडिओसाठी वेगळे काढलेले गाणे नाही, नेहमीची चित्रफीत नाही. प्रसिद्ध होण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी तो सगळाच नॅप्स्टरवर फुटला. त्याआधीच उन्हाळ्यातल्या दौऱ्यात वाजवलेल्या नव्या गाण्यांची चाहत्यांनी केलेली मुद्रणे फिरत होती; एका देशात प्रथम वाजवलेले गाणे काही आठवड्यांनी दुसऱ्या देशातले प्रेक्षक सोबत म्हणत, याचे बँडलाच नवल वाटले होते. फुटलेला अल्बम कोण विकत घेणार, हा कंपनीचा धसका. घडले उलटे : ‘किड ए’ अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला.

यावरून फुकट वाटले की विक्री वाढते, असा नियम काढणे मात्र उतावळेपणाचे ठरेल. रेडिओहेडच्या मागे एक गाजलेला अल्बम आणि तीन वर्षांची उत्कंठा होती. उलट बाजूचा आकडाही डोळ्यांआड करता येत नाही : अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न १९९९ मध्ये १४.६ अब्ज डॉलर होते, ते पंधरा वर्षांत निम्म्याखाली आले. तो सगळा दोष नकलांचा नाही. एका चांगल्या गाण्यासाठी अख्ख्या सीडीची किंमत मोजायला लावण्याची कंपन्यांची जुनी सवयही त्यात मोडली. पण नकलांचा काहीच वाटा नाही, असे म्हणायला बरेच धाडस लागते.

नॅप्स्टर बुडाल्यावर त्याच्या वारसांनी सूचीच टाकून दिली. नुटेला, काझा, लाइमवायर यांच्यात मध्यवर्ती असे काही नव्हतेच, मग बंद काय करणार? २००५ मध्ये ग्रॉक्स्टर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ‘नकलेला चिथावणी देणारा जबाबदार’ असे ठरवले खरे, पण तोवर कंपन्यांनी दुसराच मार्ग धरला होता. ८ सप्टेंबर २००३ रोजी त्यांनी २६१ व्यक्तींवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक मुलगी निघाली. प्रकरण दोन हजार डॉलरवर मिटले. पुढे पाच वर्षे हे सत्र चालले.

यातला सर्वांत लांबलेला खटला मिनेसोटा राज्यातल्या एका महिलेचा. आरोप २४ गाण्यांचा; त्यांत गन्स अँड रोझेस, जर्नी, ग्रीन डे यांची गाणी होती. दुकानात ही गाणी सुटी मिळाली असती २४ डॉलरला. परंतु अमेरिकी कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही दर गाण्यामागे ७५० पासून, मुद्दाम केले असल्यास दीड लाखांपर्यंत, डॉलर मागता येतात. हे आकडे ठरवताना कायदेमंडळाच्या डोळ्यांसमोर बनावट माल छापणारे कारखानदार होते; स्वयंपाकघराशेजारच्या संगणकावर गाणी ऐकणारी गृहिणी नव्हे. २००७ मध्ये ज्युरीने २,२२,००० डॉलर ठोठावले. फेरसुनावणीत २००९ साली दुसऱ्या ज्युरीने ते १९,२०,००० केले, म्हणजे गाण्यामागे ८० हजार. न्यायाधीशांनाच ती रक्कम राक्षसी वाटली आणि त्यांनी ती ५४ हजारांवर आणली. तिसऱ्या ज्युरीने पुन्हा १५ लाख केले. शेवटी २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पहिलाच आकडा कायम केला. तोवर कंपन्यांनी व्यक्तींवर नवे दावे लावणे सोडूनही चार वर्षे होत आली होती. गुन्हा झाला होता, यात शंका नव्हती. तरीही तीन ज्युरींचे तीन आकडे पाहिले की, कायद्याच्या हातात तराजू होता पण वजनेच नव्हती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दरम्यान अॅपलने २८ एप्रिल २००३ रोजी दोन लाख गाण्यांचे दुकान उघडले, गाण्याला ९९ सेंट. रॉक बँडपुढे निराळेच संकट उभे राहिले : अल्बम सुटा होऊ लागला. मेटालिका २००६ पर्यंत त्या दुकानाबाहेर राहिली, एसी/डीसी तर २०१२ पर्यंत. अल्बम म्हणजे ठरवलेल्या क्रमाने ऐकायची अखंड वस्तू, हा त्यांचा आग्रह. पिंक फ्लॉइडने तो न्यायालयातच नेला. ईएमआय कंपनीशी १९९९ मध्ये केलेल्या करारात, बँडच्या संमतीविना अल्बम तोडून विकू नयेत, असे कलम होते. ते सीडीपुरते आहे, इंटरनेटला लागू नाही, असे कंपनीचे म्हणणे. मार्च २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने बँडच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षारंभी दोन्ही पक्षांत नवा करार झाला आणि गाणी सुटी विकली जाऊ लागली. तत्त्व जिंकले, बाजार टिकला.

मेटालिका आणि तिचे चाहते यांच्या भांडणाला सगळ्यांत चमत्कारिक वळण मिळाले ते २००८ मध्ये. ‘डेथ मॅग्नेटिक’ हा नवा अल्बम फ्रान्समधल्या एका दुकानाने ठरल्या तारखेआधी विकला आणि तो इंटरनेटवर पसरला. या वेळी उलरिक हसून मोकळा झाला. पण चाहत्यांनी अल्बम ऐकला आणि त्यांचे कान किटले. आवाज इतका चढवलेला, की ढोल फाटल्यासारखे वाजत. त्याच वेळी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी आली होती, आणि गेमसाठी दिलेले वाद्यांचे माग असे चढवलेले नव्हते. चाहत्यांनी ती गाणी गेममधून काढली, जुळवली आणि आपापसांत वाटली. अल्बम पुन्हा नीट तयार करावा, अशा अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. ज्यांनी पैसे देऊन सीडी घेतली होती, त्यांनाच चांगल्या आवाजासाठी बेकायदा नक्कल शोधावी लागली.

६ डिसेंबर २०१२ रोजी स्पॉटिफायच्या कार्यक्रमात लार्स उलरिक आणि शॉन पार्कर एका मंचावर आले, हस्तांदोलन झाले आणि मेटालिकाचे सर्व अल्बम त्या सेवेवर खुले झाले. नॅप्स्टरचा तो जुना साथीदार आता स्पॉटिफायचा गुंतवणूकदार होता.

आणि ती १९८२ ची कॅसेट? एप्रिल २०१५ मध्ये मेटालिकाने ‘नो लाइफ टिल लेदर’ अधिकृतपणे काढली. सीडी नव्हे, मर्यादित प्रतींची कॅसेटच. वेष्टनावर उलरिकचे तेव्हाचे हस्ताक्षर. पाठोपाठ तिची विस्तारित आवृत्ती यायची होती, ती मात्र अडली. त्या काळी बँडमध्ये असलेला आणि पुढे मेगाडेथ काढणारा गिटारवादक डेव्ह मस्टेन याने जाहीर सांगितले, की आपण रचलेल्या गाण्यांच्या श्रेयात उलरिकला वाटा हवा आहे आणि तो आपल्याला मान्य नाही. तीस वर्षे टपालाने फुकट हिंडलेली कॅसेट दुकानात आली आणि तिच्यातल्या गाण्यांचे मालक कोण, या वादात तिची पुढची आवृत्ती अडकली.